फायबरग्लासखाली परत परत त्याच जागी बुडबुडे येतायत? इपॉक्सी बदलायच्या आधी थर्मामीटर बघा

घरी लाकडी कयाक (वल्ह्याची लांबट, अरुंद होडी) बांधणाऱ्या बऱ्याच जणांचं इथेच अडतं. लाकडाचं काम छान होतं, पट्ट्या जुळतात, हल (होडीचं मुख्य अंग) घासून गुळगुळीत होतो, मग फायबरग्लासचं, म्हणजे काचेच्या धाग्यांचं, कापड अंथरून इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर असे दोन द्रव मिसळल्यावर कडक होणारा चिकट पदार्थ) ओतली की पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळं काचेसारखं पारदर्शक दिसतं आणि नंतर एकेक बुडबुडा वर यायला लागतो. ब्रशने पुसला की जातो, पाच मिनिटांत परत तिथेच हजर. दुसऱ्या दिवशी बघावं तर कापडाखाली पांढरे ठिपके आणि काही ठिकाणी कापड चक्क उचललेलं. घासून काढा, पुन्हा हात मारा, पुन्हा तेच. माझं तीनदा असं झालं, आणि तिन्ही वेळा मी दोष चुकीच्या गोष्टीला दिला, आधी इपॉक्सीला, मग रोलरला, मग कापडाला. कारण वेगळंच होतं, ते नीट सांगतो कारण एकदा कळलं की हा त्रास जवळजवळ पूर्ण बंद होतो.

माझा हल ६ मिमी जाडीच्या सीडरच्या पट्ट्यांचा आहे, वर २०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं साधं विणीचं कापड. प्लायवुडचे तुकडे तारेने शिवून बांधणाऱ्यांनाही हेच लागू पडतं, फक्त त्यांच्याकडे बुडबुडे जास्त करून तारेच्या भोकांवर आणि सांध्यांवर येतात.

आधी ओळखायचं कसं ते. बुडबुडे दोन प्रकारचे असतात आणि दोन्हींवर उपाय अगदी वेगळा आहे. एक म्हणजे ढवळताना किंवा रोलरने फेस होऊन आत गेलेली हवा. हे बारीक असतात, सगळीकडे सारखे पसरलेले असतात, आणि एकदा ब्रशने हलकं ओढलं की गेले ते गेले. दुसरे लाकडातून येणारे. हे ठराविक जागी येतात, कधी एका रेषेत येतात कारण खाली पट्ट्यांचा सांधा असतो किंवा लाकडाची उघडी शीर असते, आणि पुसले तरी दहा मिनिटांत त्याच बिंदूवर परत उगवतात. म्हणून परीक्षा सोपी आहे, एक बुडबुडा निवडा, त्याच्या शेजारी हलवर मास्किंग टेपचा तुकडा लावून खूण करा, बुडबुडा पुसा आणि घड्याळ बघत बसा. परत आला तर तो लाकडाचा, मग ढवळण्याची पद्धत बदलून किंवा महागडा रोलर आणून काही होणार नाही.

लाकूड हवा सोडतं म्हणजे काय होतं बघा. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांचा जुडगा आणि त्या नळ्यांत हवा भरलेली. खोलीचं तापमान २० अंशांवरून ३० वर गेलं की ही हवा साधारण साडेतीन टक्क्यांनी फुगते. ऐकायला थोडं वाटतं, पण अख्ख्या हलच्या लाकडात मावलेल्या हवेचा साडेतीन टक्के भाग बाहेर पडायला बघतो आणि वर तुम्ही ओल्या इपॉक्सीचं झाकण घातलेलं असतं. मग ती हवा जिथे वाट मिळेल तिथून वर येते, इपॉक्सी पातळ असेपर्यंत बुडबुडा फुटतो, घट्ट व्हायला लागली की फुटत नाही आणि तिथेच अडकून पांढरा ठिपका होतो. उलट तापमान खाली जात असेल तर हवा आकसते आणि लाकूड इपॉक्सी आत ओढून घेतं, म्हणजे आपल्याला हवं तेच होतं आणि तेही फुकटात.

आता माझं काय चुकत होतं. मी सकाळी लवकर सुरू करायचो, कारण सगळा दिवस हाताशी असतो आणि घाई होत नाही, हे डोक्यात पक्कं बसलेलं. सकाळी काम करायची जागा थंड, नऊ वाजता कापड भिजवलं, अकरापर्यंत छपरावर ऊन आलं आणि आत ७-८ अंश वाढले. म्हणजे इपॉक्सी घट्ट होण्याच्या नेमक्या वेळी लाकूड सगळ्यात जास्त हवा सोडत होतं. दुसऱ्या खेपेला मी हीटर लावला, तर अजूनच वाईट, कारण हीटर कापड भिजवून झाल्यावर लावला होता. तिसऱ्या खेपेला भिंतीवर थर्मामीटर टांगला, दर अर्ध्या तासाने आकडा वहीत लिहिला, आणि बुडबुडे कधी सुरू झाले ते शेजारी लिहिलं. ती वही बघितली आणि सगळं समजलं. आकडा चढायला लागला की बुडबुडे, आकडा स्थिर तोवर काहीच नाही.

तेव्हापासून पद्धत अशी. दुपारभर जागा आणि हल गरम होऊ द्यायचा, हलसुद्धा, फक्त हवा नाही, कारण लाकूड गरम व्हायला हवेपेक्षा वेळ लागतो. थंडी असेल तर हीटर लावून ४-५ तास आधी गरम करायचं. मग संध्याकाळी तापमान उतरायला लागलं की हीटर बंद करायचा आणि तेव्हा पहिला थेंब ओतायचा. हलवर ऊन पडेल अशा जागी तर कामच करू नका, ढगाआडून ऊन आलं की दहा मिनिटांत पृष्ठभाग तापतो. एवढं मात्र बघा की रात्री तापमान तुमच्या हार्डनरच्या किमान मर्यादेखाली जाणार नाही. ती मर्यादा डब्याच्या माहितीपत्रकात असते, वेगवेगळ्या हार्डनरची वेगळी असते. फार थंड पडलं तर इपॉक्सी कडक व्हायचं थांबते आणि वर चिकट मेणचट थर येतो, त्याबद्दल खाली लिहिलंय.

संध्याकाळच्या पद्धतीत एक धोका आहे तो आधीच सांगून ठेवतो. लाकूड इपॉक्सी ओढून घेतं म्हटलं, तर ते कापडातलीही ओढून घेतं. तुम्ही सगळं छान भिजवून, जास्तीची काढून, हात धुवून आत गेलात आणि सकाळी आलात तर काही ठिकाणी कापड कोरडं, पांढरट, वीण चमकताना दिसेल. म्हणून काम झाल्यावर लगेच निघून जायचं नाही. निदान पाऊण तास टॉर्च घेऊन हलभोवती फिरत राहा, प्रकाश तिरका मारा, कुठे कापड पांढरं पडताना दिसलं की ब्रशने थोडी इपॉक्सी टेकवा. पट्ट्यांची टोकं उघडी असतात तिथे, म्हणजे नाळेला (पुढच्या टोकाला) आणि मागच्या टोकाला, लाकूड सगळ्यात जास्त पितं, तिथे दोन-तीनदा जावं लागतं.

हे टाळायला कापड अंथरायच्या आधी लाकडावर इपॉक्सीचा एक पातळ हात मारून ठेवता येतो. हवा बरीच कमी येते आणि लाकूड कमी पितं. पण हा हात सुकला की त्यावर बारीक काटे उभे राहतात, कापड त्यात अडकतं आणि सरकवून नीट बसवता येत नाही, म्हणून तो घासावा लागतो, आणि जास्त घासलात तर परत लाकूड उघडं. मी नवशिक्यांना सांगेन की हलकं लाकूड, बरेच सांधे, बरीच भोकं असतील तर हा हात माराच, साधं गुळगुळीत प्लाय असेल तर थेट कापडावरून भिजवलं तरी चालतं. आणि हा हातसुद्धा उतरत्या तापमानातच मारायचा, नाहीतर त्याच्यातच बारीक भोकं राहतात आणि मग सगळा उद्देशच फसतो.

आता त्याच त्याच जागी परत येण्याचं दुसरं कारण, जे मला सगळ्यात उशिरा कळलं. पहिल्या थरातला बुडबुडा तुम्ही कडक झाल्यावर घासून उघडा केला. तिथे सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं, खाली छोटी पोकळी. वरून रोलरने दुसरा हात मारला की इपॉक्सी त्या भोकात उतरत नाही, वरून पूल बांधते, आत हवा तशीच, थोडी उष्णता मिळाली की ती फुगते आणि पुन्हा बुडबुडा. असं चार हात मारले तरी चारही वेळा तिथेच येणार. रोलर किंवा ब्रश भोक भरत नाही, भोक भरतो तो प्लॅस्टिकचा पत्रा. घासून झाल्यावर, धूळ पुसून, थोडी इपॉक्सी ओता आणि स्क्वीजी (इपॉक्सी ओढून पसरवायची लवचीक पट्टी) किंवा जुनं प्लॅस्टिकचं कार्ड जवळजवळ उभं धरून जोर देऊन ओढा, एकदा उभं, एकदा आडवं, एकदा तिरकं. पृष्ठभागावर काही उरलंच नाही असं वाटलं पाहिजे, फक्त भोकात राहिलं पाहिजे. मोठ्या भोकांसाठी त्यात थोडी सिलिका पावडर मिसळून लोण्यासारखी करा, लाकूड दिसू द्यायचं असेल तर त्याच लाकडाचा अगदी बारीक भुसा चिमूटभर घाला म्हणजे पांढरा ठिपका दिसत नाही. हे जेलीसारखं घट्ट झालं की मगच पुढचा पूर्ण हात.

कापडच उचललं असेल तर वेगळं. नखाने किंवा नाण्याने वाजवून बघा, चिकटलेली जागा टणक वाजते, पोकळ जागा ढब ढब. डाग नाण्यापेक्षा लहान असेल तर कडेला दोन बारीक भोकं पाडा, एकातून सिरिंजने इपॉक्सी भरा, दुसऱ्यातून हवा निघेल आणि इपॉक्सी बाहेर आली की थांबा, वर प्लॅस्टिकचा कागद ठेवून हलकं वजन ठेवा. यापेक्षा मोठा असेल तर भरत बसू नका, तेवढं कापड कापून काढा, कडा चारी बाजूंनी ३-४ सेंमी उतरत्या घासा आणि नवा तुकडा त्या उतारावर चढेल असा लावा. लाकूड दिसणाऱ्या हलवर हा तुकडा नीट भिजला आणि नंतर वीण, म्हणजे धाग्यांमधले खळगे, इपॉक्सीने भरली तर दुरून कळतही नाही.

सगळे पांढरे डाग म्हणजे बुडबुडे नाहीत, इथे फार जणांचा गोंधळ होतो. एक सोपी युक्ती, कडक झालेल्या डागावर ओला कपडा फिरवा. पाणी लागल्यावर डाग गायब झाला तर तो वरचा आहे, म्हणजे वीण अजून भरली नाहीये किंवा पॉलिश पेपरचे ओरखडे आहेत, पुढच्या हातात आपोआप जाईल, हात लावू नका. पाणी लावूनही तसाच दिसला तर तो खाली आहे. खालचा डाग विणीच्या रेषांमध्ये जाळीसारखा दिसत असेल तर कापड कोरडं राहिलं, गोल आणि स्पष्ट कडेचा असेल तर हवा, आणि धुक्यासारखा पसरट दुधी असेल तर ओलावा किंवा स्क्वीजी फार जोराने, फार वेळा मारून झालेला फेस. काच आणि इपॉक्सी दोन्हींतून प्रकाश जवळजवळ सारखाच वळतो म्हणून भिजलेलं कापड दिसेनासं होतं, मधे कुठेही हवा राहिली की लगेच पांढरं दिसतं, त्यामुळे पांढरं दिसणं म्हणजे काहीतरी आत आहे एवढं नक्की.

एक चूक अशी की बुडबुड्यांच्या भीतीने माणूस इपॉक्सी जास्त ओततो. वाटतं भरपूर असेल तर कोरडं राहणार नाही. पण कापड मग इपॉक्सीवर तरंगतं, लाकडाला टेकतच नाही, पृष्ठभाग लाटांसारखा होतो आणि पुढे घासताना उंच भागातलं कापडच कापलं जातं. हिशोब असा की हाताने भिजवताना कापडाच्या वजनाइतकी इपॉक्सी लागते, साधारण. ३ चौरस मीटरचा हल आणि २०० ग्रॅमचं कापड असेल तर कापडाला ६०० ग्रॅम, लाकूड पितं ते त्याच्यावर थोडं. पहिल्याच हातात दीड किलो संपली असेल तर कुठेतरी तलाव झालेला आहे. भिजवून झाल्यावर स्क्वीजीने जास्तीची काढत जायचं, तोपर्यंत की पृष्ठभाग तकतकीत न राहता मंद दिसतो आणि विणीचा पोत बोटाला लागेल असा दिसतो. चकचकीत डबकं दिसतंय तिथे अजून काढायची आहे. वीण भरायचं काम पुढच्या दोन-तीन हातांचं, पहिल्याचं नाही.

ते पुढचे हात कधी मारायचे? आधीचा हात पुरता कडक व्हायच्या आत, नख टेकवलं तर खूण उमटते पण बोटाला लागत नाही अशा वेळी, म्हणजे दोन थर एकमेकांशी रासायनिक जोडले जातात आणि मधे घासायला लागत नाही. ती वेळ गेली तर मग धुवायचं, घासायचं, पुसायचं, पर्याय नाही. आणि धुवायचं घासायच्या आधी. कडक होताना हार्डनरमधलं अमाईन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी मिळून वर मेणचट पातळ थर तयार होतो, दमट आणि थंड हवेत जास्त. हा थर पाण्यात विरघळतो, साधं पाणी आणि भांडी घासायची खरखरीत घासणी पुरते. थिनरने जात नाही, आणि न धुता पॉलिश पेपर मारलात तर तो आणखी आत चोळला जातो, मग पुढच्या हातात इपॉक्सी माशाच्या डोळ्यासारखी गोल गोल मागे सरकते आणि तिथे खड्डे पडतात. लोक त्यालाही बुडबुडा समजतात. तो बुडबुडा नाही, खाली मेण, तेल किंवा सिलिकॉन आहे, धुऊन घासल्याशिवाय कितीही हात मारले तरी जाणार नाही.

चिकट राहिलेल्या जागांबद्दल थोडक्यात. अख्खा हल चिकट असेल आणि रात्री थंडी पडली असेल तर जागा गरम करा आणि दोन-तीन दिवस थांबा, बहुतेक वेळा होतं. फक्त काही पट्टे चिकट असतील तर मिसळणं कच्चं राहिलं, कपाच्या तळाशी आणि कडेला चिकटलेलं न मिसळलेलं रेझिन शेवटी ओतताना हलवर आलं. कडा आणि तळ खरवडत निदान दोन मिनिटं ढवळा, मग दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळा. आणि प्रमाण बघा, माहितीपत्रकात २:१ घनफळाने दिलेलं असेल तर वजनकाट्यावर २:१ घेऊ नका, हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो त्यामुळे वजनाने घेतलात तर हार्डनर जास्त पडतो. लवकर सुकावी म्हणून हार्डनर वाढवणं तर बिलकुल नको, पॉलिएस्टर या दुसऱ्या जातीच्या रेझिनमध्ये कडक करणारा द्रव थोडा कमीजास्त चालतो, इथे हार्डनर हा स्वतः तयार पदार्थाचाच एक भाग आहे, जास्तीचा हार्डनर तसाच मोकळा राहतो आणि थर कायमचा मऊ. चार-पाच दिवस उबेत ठेवूनही नखाला लागत असेल तर खरवडून काढा, मन घट्ट करून काढा, त्यावर चांगली इपॉक्सी मारून खालची बरी होत नाही.

पॉलिएस्टरचा विषय निघालाच तर कापडाचंही सांगतो, धाग्यांचे तुकडे दाबून केलेली चटई असते ती इपॉक्सीसोबत वापरू नका. बऱ्याच चटयांतला बांधणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत तो विरघळत नाही, चटई ताठ आणि पांढरट राहते आणि तुम्ही रात्रभर बुडबुडे शोधत बसता. विणलेलं कापडच घ्या, आणि ते कोरड्या जागी गुंडाळी करून ठेवा. घडी घालू नका, घडीची रेघ भिजवल्यावरही उठून दिसते.

दोन सल्ले सगळीकडे मिळतात पण मला पटत नाहीत. एक, इपॉक्सी पातळ करायला थिनर किंवा अॅसिटोन घालणं. थिनर थरात अडकतो, ताकद कमी होते, आणि नंतर आकसून वीण वर दिसायला लागते. पातळ हवी असेल तर रेझिनची बाटली कोमट पाण्यात ठेवा, पुरेशी पातळ होते, फक्त लक्षात ठेवा की दर १० अंशांना कडक होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो म्हणून कमी कमी मिसळा आणि कपात न ठेवता लगेच हलवर ओता, कपात ढीग करून ठेवलेली इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने तापते, धूर येईपर्यंत. दुसरा सल्ला, हीटगनने बुडबुडे फोडणं. वरचे फुटतात खरं, पण लाकूडही तापतं आणि खालून नवे येतात. लाकूड पुरतं बंद झाल्यावर, म्हणजे शेवटच्या एकदोन हातांना, भराभर फिरवून वापरली तर ठीक, पहिल्या हाताला अजिबात नको.

हातमोजे नायट्राइलचे, आणि हाताला लागलेली इपॉक्सी थिनरने पुसू नका, त्वचेतून आणखी आत जाते. साबण पाण्याने धुवा. एकदा अंगाला तिची अॅलर्जी बसली की ती जात नाही आणि कयाक बांधणंच सोडावं लागतं, असं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. अर्धवट कडक थराची धूळ तर फारच वाईट, मास्क लावा आणि शक्य असेल तिथे ओलं घासा.

आता आतली बाजू, कारण बाहेरचं नीट झालं तरी इथे बुडबुडे दुप्पट येतात आणि मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. बाहेरून कापड लावताना लाकडातल्या हवेला आतल्या बाजूने पळायला वाट होती. आता बाहेर काचेचं सील आहे, त्यामुळे जी हवा फुगेल ती सगळी आतल्याच कापडाखाली येणार. म्हणून आत पातळ हात आधी मारायचाच, तोही संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी धुऊन घासून भोकं स्क्वीजीने भरायची, आणि कापड पुन्हा संध्याकाळीच. शिवाय आतला आकार खोलगट, स्क्वीजी मधून बाहेरच्या दिशेने ओढली तर कापड ताणून तळाच्या कोपऱ्यातून उचललं जातं आणि खाली लांबच लांब हवेची नळी होते, ती बुडबुड्यांसारखीच दिसते. आत ओढायचं ते काठाकडून तळाकडे, कापड थोडं सैल सोडून, आणि तळाच्या कोपऱ्यात ब्रशचे केस कापून आखूड केलेले घेऊन टोचत टोचत बसवायचं. माझं आतलं काम संध्याकाळी सहाला २९ अंशांवर सुरू झालं, रात्री दहाला २३ होते, आणि सकाळी टॉर्च मारून सगळा तळ बघितला तर दोनच बुडबुडे सापडले, दोन्ही टोकाला, जिथे पट्ट्यांची तोंडं मी नीट भरली नव्हती.